होल्डिंग टँकचा व्हेंट तुंबलाय? आधी टाकीला हवा द्या, मग उपसा

प्रश्न थोडक्यात असा: ३४ फुटी शिडाची बोट, अमेरिकेतल्या चेसापीक उपसागरात अ‍ॅनापोलिसजवळच्या मरीनात. पुढच्या व्ही-बर्थखाली (नाळेतल्या झोपायच्या जागेखाली) ९५ लिटरची, म्हणजे २५ गॅलनची प्लॅस्टिकची होल्डिंग टँक (मैला साठवायची टाकी) आणि हातानं पंप करायचं हेड, म्हणजे बोटीवरचा संडास. दोन आठवड्यांपासून पंपाचा दांडा जड चालतोय, सोडला की आपोआप वर येतो. मागच्या पंप-आउटच्या (धक्क्यावरच्या यंत्रानं टाकी उपसण्याच्या) वेळी टाकीच्या भिंती आत ओढल्या गेल्या आणि ती पुरती रिकामी झालीच नाही. केबिनमध्ये वास आहे. डेकवरचं, उपसायच्या नळीचं झाकण उघडं ठेवून बाहेरून व्हेंटमध्ये (टाकीच्या हवेच्या नळीत) होजनं पाणी मारलं तर चालेल का?

मारा, पण टाकी भरलेली असताना नाही. आणि डेकवरचं झाकण उघडलं म्हणजे टाकीला वाट मिळाली, हा समज आधी डोक्यातून काढा. या कामात जी घाण होते ती बहुतेक वेळा या समजामुळेच होते.

झाकणाखाली जी ३८ मिमीची नळी आहे ती टाकीच्या माथ्यावर संपत नाही. ती आतून खाली उतरते आणि तळापासून दोन-तीन सेंटिमीटरवर थांबते. काही टाक्यांत ती थेट तळाशीच जोडलेली असते. मैला तळापासून ओढायचा असतो, म्हणून ही रचना. ग्लासभर सरबत, त्यात स्ट्रॉ आणि ग्लासाला घट्ट झाकण, असं चित्र डोळ्यांपुढे आणा. स्ट्रॉचं वरचं तोंड उघडं असलं म्हणून आत कोंडलेली हवा त्यातून बाहेर येणार नाही. हवेचा दाब वाढला तर स्ट्रॉमधून सरबतच वर येईल. टाकीत अवघा ०.१ बार दाब साचला तरी आतला द्रव नळीत सुमारे एक मीटर चढतो, आणि व्ही-बर्थखालच्या टाकीपासून डेक साधारण तेवढाच उंच असतो. तुंबलेल्या टाकीचं झाकण झटक्यात उघडणाऱ्याच्या तोंडावर कारंजं उडतं, त्याचं गणित हे एवढंच.

उपसताना हेच उलट होतं. तुमची टाकी ६० × ४० × ४० सेंमीच्या आसपास असेल. तिच्या मोठ्या भिंतीचं क्षेत्रफळ पाव चौरस मीटरला जरा कमी भरतं. आतला दाब बाहेरच्यापेक्षा ०.१ बारनं कमी झाला तर त्या एका भिंतीवर सुमारे २४० किलोचं वजन रेलल्यासारखं होतं. पंप-आउटचं यंत्र तर सहज याच्या कितीतरी पट ओढतं. पॉलिएथिलीन वाकतं आणि परत जागेवर येतं, म्हणून लोक निर्धास्त राहतात. पण ताण येतो तो जिथे निपल (नळी जोडायचं तोंड) टाकीत बसवलेलं असतं त्या कडेवर, आणि पहिली चीर तिथेच पडते. तेव्हा व्हेंट मोकळा होईपर्यंत नेहमीसारखं पंप-आउट करू नका.

निदान तुम्ही स्वतःच केलंय, फक्त खात्री करून घ्या. नुसता दांडा जड चालत असेल तर दोष हेडपासून टाकीपर्यंतच्या नळीतही असू शकतो. लघवी आणि खारं पाणी मिळून त्या नळीत आतून खर धरतो (मूतखड्याचाच भाऊबंद) आणि ३८ मिमीची नळी २० मिमीवर येते. पण तेव्हा दांडा आपोआप वर येत नाही आणि उपसताना टाकी चेपत नाही. तुमच्याकडे दोन्ही होतंय. आणखी एक खूण पाहून ठेवा: पंप-आउट चालू असताना हेडच्या भांड्यातलं पाणी कुणी हात न लावता खाली गेलं, तर टाकी हवेसाठी तडफडतेय आणि ती जोकर व्हॉल्व्हमधून (हेडमधला मैला परत येऊ न देणाऱ्या रबरी झडपेतून) ओढून घेतेय असं समजा. व्हेंट अर्धवट तुंबलेला असला तर हेड वापरताना काहीच जाणवत नाही, कारण एका झटक्याला जेमतेम पेलाभर हवा बाहेर जायची असते. उपसताना मिनिटाला पन्नास-साठ लिटर हवा आत यावी लागते, तेव्हा बिंग फुटतं.

अडकतं कुठे? जागा चार.

पहिली, बोटीच्या बाजूला बाहेर दिसणारं व्हेंटचं तोंड. चेसापीकच्या उन्हाळ्यात इथली मुख्य गुन्हेगार कुंभारीण माशी. आपल्याकडे खिडकीच्या चौकटीत, स्विचबोर्डच्या भोकात मातीची घरटी करते तिचीच ही नातेवाईक. तिला १२-१६ मिमीचं आडोशाचं भोक म्हणजे आयती जागा. घरट्यात ती अळीसाठी बेशुद्ध केलेले कोळी भरून ठेवते आणि तोंड मातीनं लिंपून टाकते. ती माती वाळली की सिमेंटसारखी लागते. हल (बोटीचं बाहेरचं अंग) पॉलिश करताना चिकटवलेली आणि काढायची राहून गेलेली टेप, किंवा तोंडात बसलेला पॉलिशचा लगदा, हेही इथेच सापडतात. आणि तोंडात जाळी असेल तर तीही. आपल्या गावाकडे संडासाच्या गॅसपाइपला जाळी बांधा, डास होणार नाहीत, असं आरोग्य खातं सांगतं आणि ते तिथे बरोबरच आहे. पण तो पाइप उभा, १०० मिमीच्या आसपास आणि टाकीपासून तीन मजले वर. बोटीवरच्या १६ मिमी व्हेंटमधली बारीक जाळी कागदाचा एक तुकडा आला की बंद. ती काढून टाका.

दुसरी जागा टाकीच्या माथ्यावरचं निपल आणि त्याचा एल्बो, म्हणजे काटकोनी जोड. शिडाच्या बोटीत माझा पहिला संशय यावरच असतो. मोटरबोट सपाट चालते, शिडाची कलते. २० अंश कललेल्या ६० सेंमी रुंदीच्या टाकीत द्रवाची पातळी खालच्या बाजूला सुमारे ११ सेंमी चढते. टाकी ४० सेंमी उंच, म्हणजे ती तीन-चतुर्थांश भरली की त्या बाजूचा माथा द्रवाला टेकलाच. व्हेंटचं निपल त्या कोपऱ्यात असेल तर अख्ख्या टॅकभर (वारा एकाच बाजूनं घेत, एकाच अंगावर कलून चाललेल्या टप्प्यात) त्यात मैला आणि कागद हेलकावत राहतो. बोट सरळ झाल्यावर पाणी परत जातं, कागद मागे राहतो आणि वाळतो. पुढच्या फेरीत त्यावर दुसरा थर. १६ मिमी नळीच्या निपलचं आतलं भोक १२ मिमीच्या आसपास, करंगळीही जात नाही. त्यात कागदी लगद्याची डाट बसायला दोन-तीन सहली पुरतात.

तिसरी, नळीतला झोळ. व्हेंटची नळी टाकीपासून तोंडापर्यंत सतत चढती असली पाहिजे. लॉकरमध्ये ती एखाद्या खिळ्यावरून सुटून खाली लोंबली की तिथे पाणी साचतं, आणि नळीत काहीही अडकलेलं नसताना हवा अडते. काढून पाहिलं तर नळी स्वच्छ, परत लावली की तक्रार कायम, असं झालं तर झोळ शोधा.

चौथी, वासासाठी बसवलेला कोळशाचा फिल्टर. कोळसा एकदा भिजला की त्याचा गोळा होतो. तो धुऊन वाळवून परत चालत नाही, बदलावाच लागतो.

आता कामाचा क्रम. हॅच आणि पुढची झडप उघडी ठेवा, स्टोव्ह, हीटर, सिगरेट बंद. टाकीतल्या वायूत मिथेन असतो, तो पेटतो. सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइडही असतो आणि तो जास्त दगाबाज. त्याचं प्रमाण १०० पीपीएमच्या आसपास गेलं की नाक बधिर होतं आणि वास गेला असं वाटतं. शिवाय तो हवेपेक्षा जड आहे, म्हणजे व्ही-बर्थखालच्या खोबणीतच बसून राहतो. तिथे डोकं घालून काम करायचं तर पंखा लावून बाहेरची हवा आत ढकला, आणि वर कुणीतरी माणूस असू द्या. कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, चष्मा, जाड प्लॅस्टिकचा कागद, जुने टॉवेल, १० लिटरची बादली, बाटली धुवायचा बारीक ब्रश, गवत कापायच्या यंत्राची २.४ मिमी नायलॉन दोरी दोनेक मीटर आणि ३१६ स्टीलच्या चार नव्या होज क्लॅम्प, एवढं हाताशी ठेवा.

सुरुवात बाहेरून. डिंगीत (छोट्या होडीत) किंवा फिंगर पिअरवर (बोटीशेजारच्या अरुंद धक्क्यावर) बसून व्हेंटचं तोंड गाठा. पण ते कुठलं, हे आतून नळी धरत जाऊन पक्कं करा, कारण गोड्या पाण्याच्या टाकीचा व्हेंट बऱ्याचदा तसाच दिसतो आणि हातभर अंतरावरच असतो. चेहरा तोंडासमोर नको, बाजूला ठेवा. बारीक स्क्रूड्रायव्हरनं माती कोरून बाहेर ओढा. आत ढकललीत तर ती एल्बोत जाऊन बसेल आणि मग बाहेरूनही पोहोचता येणार नाही, आतूनही. फस्स आवाज येऊन दाब सुटू लागला तर हात थांबवा, तो पूर्ण सुटू द्या. इथेच दोष असेल तर दांडा लगेच हलका होईल. तरीही पुढचं काम टाळू नका. बाहेर माती सापडली म्हणून आत कागद नसेलच असं नाही.

मग टाकीचा माथा. निपलभोवती टॉवेल गुंडाळून क्लॅम्प सैल करा आणि नळी न काढता फक्त हलकीशी पिळा. दाब असेल तर इथे सुटतो. पाणी येऊ लागलं तर टाकी काठोकाठ भरली आहे. नळी तशीच सैल राहू द्या, काढू नका. नळी निपलवर चिकटून बसली असेल तर गरम पाण्यात बुडवलेलं फडकं दोन-तीन मिनिटं धरा. हीट गन नको, वर मिथेनचं सांगितलंय. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटायचा मोह होतो, पण प्लॅस्टिकचं निपल मुळाशी तुटलं की दिवसभराचं काम आठवड्याचं होतं. नळीला थोडी ढील असेल तर तिचं टोक सरळ उभं कापून सोडवणं केव्हाही परवडतं.

टाकीला आता माथ्यावरून हवा मिळाली. पंप-आउट करायची वेळ ही. एकानं खाली टॉर्च घेऊन टाकीच्या भिंतीवर लक्ष ठेवायचं, दुसऱ्यानं वर यंत्राची नळी धरायची. सुरुवातीला दहा सेकंद ओढून थांबा. भिंत हलली नाही तर पुढे चालू ठेवा. टाकी काठोकाठ असेल तर एक-तृतीयांश उपसल्यावर सैल केलेली नळी पूर्ण काढून टाका. शेवटी डेकवरून वीसेक लिटर पाणी ओतून पुन्हा उपसा, म्हणजे तळचा गाळही निघेल.

आता निपल. आत पाहिलंत तर बहुधा करड्या रंगाची, पेपर-माशेसारखी डाट दिसेल. लाकडी दांडी किंवा ब्रशनं ती फोडा. इथे मात्र आत ढकलली तरी चालतं, ती पडणार टाकीतच. एल्बो असेल तर ब्रश वळवून दोन्ही बाजूंनी फिरवा. आतल्या भोकाच्या कडेला खर चिकटला असेल तर तोही खरवडा, नाहीतर पुढचा कागद त्यालाच अडकेल.

नळी दोन्ही टोकांनी मोकळी झाली की तिचं टाकीकडचं टोक बादलीत सोडा आणि बाहेरून होज लावा. पिण्याचं पाणी भरायची होज यासाठी कधीच वापरायची नाही, धक्क्यावरची धुण्याची वापरा. आधी तीच होज थेट बादलीत सोडून १० लिटर भरायला किती सेकंद लागतात ते मोजा, मग व्हेंटच्या नळीतून मोजा. दुप्पट वेळ लागत असेल तर आत अजून काहीतरी आहे. नायलॉनची दोरी घालून फिरवा. कडक तार नको, ती नळीला आतून चरे पाडते आणि एल्बोत अडकते. खर असेल तर नळीचं एक टोक बुचानं बंद करून ती साध्या पांढऱ्या व्हिनेगरनं भरून रात्रभर ठेवा. टाकी अ‍ॅल्युमिनियमची असली तर व्हिनेगर नळीतच राहू दे, टाकीत जाऊ देऊ नका. ब्लीच अजिबात नको: अमोनियाशी आणि आम्लाशी, दोन्हींशी त्याचा विषारी वायू होतो, आणि जोकर व्हॉल्व्हचं रबरही खराब होतं. कॉम्प्रेसरही नको, त्याच्या सहा-सात बारला मध्ये डाट सापडली तर ती गोळीसारखी सुटते किंवा जोड उखडतो. हवा मारायचीच तर डिंगी फुगवायचा पायपंप पुरे.

खरं सांगायचं तर नळी दहा-बारा वर्षांची असेल तर एवढी खटपट करू नये. दोन-अडीच मीटरचा तुकडा आहे, नवा घाला.

सगळं जोडल्यावर तपासणी सोपी आहे. एकानं हेडचा दांडा मारायचा, दुसऱ्यानं बाहेर व्हेंटच्या तोंडासमोर टिश्यूची पट्टी धरायची. प्रत्येक झटक्याला पट्टी फडफडली पाहिजे. ती हललीच नाही तर जोडताना कुठेतरी नळी मुरगळली आहे.

पुन्हा तुंबू नये म्हणून सर्वांत मोठा फरक पडतो तो नळीच्या व्यासानं. १६ मिमी नळीचं छेदक्षेत्र २०१ चौरस मिमी, २५ मिमीचं ४९१ आणि ३८ मिमीचं ११३४. म्हणजे २५ मिमीची घातली तरी वाट जवळजवळ अडीचपट. वासालाही हाच उपाय: आत भरपूर प्राणवायू पोहोचला तर मैला कुजवणारे जिवाणू घाण वायू सोडत नाहीत. महागड्या निळ्या रसायनांवर जेवढा खर्च होतो तेवढ्यात हे काम निम्मं उरकतं. टाकीवरचं निपल आधी नीट पाहा, काही टाक्यांत मूळ छिद्र मोठं असतं आणि त्यात लहान करणारा बुश बसवलेला असतो. तो काढला की मोठं निपल तिथेच बसतं. थ्रेडला टेफ्लॉन टेप लावा, हातानं घट्ट करून वर एखादा फेरा द्या, जास्त नको. पॉलिएथिलीनला कुठलंही सीलंट चिकटत नाही, तेव्हा गळतंय म्हणून वरून सीलंट फासण्यात अर्थ नाही. बोटीच्या बाजूचं भोक मोठं करताना आत बाल्सा कोअर (फायबरच्या थरांमधलं हलकं लाकूड) लागला तर त्याच्या कडा इपॉक्सीनं बंद केल्याशिवाय नवं फिटिंग लावू नका.

व्यास बदलायचा नसेल तर निदान सवय बदला. टाकी तीन-चतुर्थांशाच्या वर जाऊ देऊ नका, आणि जायचीच वेळ आली तर व्हेंट वाऱ्याच्या बाजूला, म्हणजे वर राहील असा टॅक धरा. चेसापीक पूर्णपणे अमेरिकेच्या किनाऱ्यालगतच्या तीन सागरी मैलांच्या हद्दीच्या आत येतो. प्रक्रिया न केलेला मैला तिथे कुठेच सोडता येत नाही, त्यामुळे उपसणं अटळ आहे. बहुतेक केंद्रांवर त्याला फारसे पैसे पडत नाहीत, तेव्हा अर्ध्या टाकीवर गेलात तरी नुकसान नाही. प्रत्येक पंप-आउटनंतर, टाकी रिकामी असताना, बाहेरून व्हेंटच्या तोंडाला फडक्यासकट होज धरून अर्धा मिनिट पाणी आत मारा. तेव्हा डेकवरचं झाकण उघडं ठेवा. तळाची नळी आता कोरडी आहे, म्हणून हवा तिच्यातून बाहेर पडेल. तुमच्या प्रश्नातलं पाणी मारणं योग्य ठरतं ते याच वेळी. आधी तोंडातली माती तेवढी काढून घ्या, नाहीतर तीही आत जाईल.

हिवाळ्यात बोट वर काढाल किंवा महिनाभर येणार नसाल, तर कुंभारणीसाठी व्हेंटच्या तोंडात गोल्फची लाकडी टी (चेंडू ठेवायची खुंटी) हलकेच खुपसा आणि तिला लाल फीत बांधा. तशीच दुसरी फीत हेडच्या दांड्याला बांधून ठेवा, म्हणजे टी काढल्याशिवाय कुणी पंप मारणार नाही.